चित्र न साठवणारं यंत्र

१९७९ साली अटारी कंपनीने टीव्हीला जोडायच्या आपल्या खेळयंत्रासाठी ‘व्हिडिओ चेस’ हा बुद्धिबळाचा खेळ बाजारात आणला. जॉयस्टिकने सोंगटी उचलायची, हव्या त्या घरात ठेवायची, झाली चाल. पण चाल होताक्षणी पटच गायब व्हायचा. पडद्यावर नुसता सपाट रंग, तोही सारखा बदलणारा. यंत्राचा विचार संपला की पट पुन्हा जागेवर. वरच्या पातळीवर खेळत असाल तर हा विचार तासन्‌तास चालायचा आणि तेवढा वेळ टीव्हीवर रंगांची उघडझाप. नवख्याला वाटावं, टीव्ही तरी गेला किंवा यंत्र तरी.

दोन्ही ठणठणीत असायचे. अडचण एवढीच होती, की त्या यंत्राला एका वेळी एकच काम जमायचं. एक तर चित्र काढायचं, नाही तर विचार करायचा. हे असं का, हे समजायला दोन पेट्या उघडून बघाव्या लागतात. एक जुना काचेचा टीव्ही आणि दुसरी अटारी २६००. ही दुसरी पेटी सप्टेंबर १९७७ मध्ये ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टम’ या नावाने अमेरिकेत विकायला आली, किंमत सुमारे २०० डॉलर. माझ्या मते घरगुती व्हिडिओ गेमच्या इतिहासात प्रोग्रामरला इतकं छळणारं आणि इतकं शिकवणारं यंत्र दुसरं झालेलं नाही.

आधी टीव्ही. मागे पोट सुटलेल्या त्या टीव्हीच्या काचनळीत, अगदी मागच्या टोकाला, इलेक्ट्रॉनांचा किरण सोडणारी बंदूक असते. काचेला आतून एक लेप दिलेला असतो आणि किरण जिथे आदळेल तिथे तो क्षणभर उजळतो. किरण डावीकडून उजवीकडे एक ओळ काढतो, विझतो, झटकन डावीकडे परततो आणि थोडं खाली सरकून पुढची ओळ काढतो. तळाला पोचला की पुन्हा वर. आपल्या दूरदर्शनने स्वीकारलेल्या पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी. किरण सेकंदाला ५० वेळा वरून खाली यायचा आणि दर फेरीत निम्म्या ओळी काढायचा. अमेरिकेत ५२५ ओळी आणि सेकंदाला ६० फेऱ्या. अटारीने ओळींची ही वाटणी सरळ टाळली. दर फेरीत २६२ ओळींचं पूर्ण चित्र, सेकंदाला ६० चित्रं. एका ओळीला मिळणारा वेळ सेकंदाच्या एक दशलक्षांश भागांत मोजला तर सुमारे साडेत्रेसष्ट.

या सगळ्यात ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की टीव्हीला काहीच आठवत नाही. ठिपका उजळला आणि मावळला. चित्र पडद्यावर स्थिर दिसतं ते आपल्या डोळ्यांच्या आळसामुळे. तारेतून या घडीला काय येतंय, एवढंच टीव्ही जाणतो. म्हणजे चित्र टिकवायचं असेल तर ते दुसऱ्या कुणीतरी लक्षात ठेवून सेकंदाला ६० वेळा पुन्हा पुन्हा सांगत राहायला हवं.

आजचा संगणक किंवा फोन हे काम स्मृतीवर सोपवतो. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीत एक जागा राखलेली असते. प्रोग्रामने सवडीने तिथे रंग लिहायचे. एक वेगळं सर्किट ती जागा वाचून पडद्याकडे पाठवत राहतं. आता अटारीचा हिशेब करू. तिचं चित्र आडवे १६० ठिपके आणि उभ्या १९२ ओळींचं, म्हणजे ३०,७२० ठिपके. रंग सोडा, प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच लिहून ठेवायचं म्हटलं तरी ३,८४० बाइट लागतील. आणि या यंत्राची एकूण स्मृती? १२८ बाइट. किलो नाही, मेगा नाही, नुसते १२८. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे हे वाक्यसुद्धा त्या स्मृतीत मावणार नाही.

शिवाय हे १२८ बाइटही मोकळे नव्हते. गुण किती झाले, जीव किती उरले, कोण कुठे उभं आहे, कुठल्या दिशेने निघालंय, गोळी सुटली आहे का, हे सारं त्यातच. प्रोग्राम एक काम अर्धवट सोडून दुसरीकडे गेला तर परत कुठे यायचं, ती खूणगाठही तिथेच.

इतका चिक्कूपणा का, याचं उत्तर त्या काळच्या दरपत्रकात आहे. स्मृतीच्या चिप महाग होत्या आणि पेटी सामान्य घराला परवडायला हवी होती. कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅली या गावी ‘सायन इंजिनिअरिंग’ ही अटारीची प्रयोगशाळा होती. तिथल्या स्टीव्ह मेयर आणि रॉन मिलनर यांना अशी पेटी बनवायची होती, जिच्यात कार्ट्रिज बदललं की खेळ बदलेल. १९७५ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी कंपनीने ६५०२ हा प्रोसेसर २५ डॉलरला विकायला काढला आणि गणित जुळायला लागलं. इतरांचे प्रोसेसर याच्या कितीतरी पट महाग होते. अटारीने त्याचाही आणखी स्वस्त भाऊ घेतला, ६५०७. चाळीसऐवजी अठ्ठावीस पाय, म्हणून डबी लहान आणि किंमत कमी. जो डेक्विर आणि जे मायनर या अभियंत्यांनी चित्र काढणारी खास चिप रचली. मायनर यांनीच पुढे अमिगा संगणकाच्या चिप घडवल्या. प्रकल्पाचं आतलं नाव होतं स्टेला, डेक्विर यांच्या सायकलीवरून ठेवलेलं.

चित्राच्या त्या चिपचं नाव टीआयए. तिच्यापुढे ठेवलेलं उद्दिष्ट अगदी बेताचं होतं. तेव्हा आर्केडमध्ये चालणारे ‘पाँग’ आणि ‘टँक’ यांच्यासारखे दोघांचे खेळ घरी खेळता यावेत, बस्स. म्हणून तिला एक पार्श्वभूमीचा रंग आणि त्यावरच्या सहाच वस्तू माहीत. मैदान, म्हणजे भिंती आणि अडथळे. दोन खेळाडू, प्रत्येकी आठ ठिपके रुंद. प्रत्येक खेळाडूची एक गोळी. आणि एक चेंडू. पाँग खेळायला यापेक्षा जास्त लागत नाही, आणि रणगाड्यांच्या लढाईलाही.

पण या सहा वस्तूंबाबत चिपला जे कळतं ते फक्त एका आडव्या ओळीपुरतं. उभ्या दिशेची तिला गंधवार्ताही नाही! समजा, आठ ओळी उंच रणगाडा काढायचा आहे. खेळाडूच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या आकडा ठेवायच्या छोट्या कप्प्यात, आठ बिटांचा एक आकडा टाकला, की त्या ओळीवर रणगाड्याचा तेवढा काप उमटतो. पुढच्या ओळीआधी प्रोसेसरने दुसरा काप द्यायचा, मग तिसरा. आठवा काप देऊन झाला की नववीला आठवणीने शून्य द्यायचं. विसरलात तर शेवटचा काप तसाच उमटत राहणार आणि रणगाड्याच्या पोटातून पडद्याच्या तळापर्यंत एक खांब उतरलेला दिसणार. त्या यंत्रावर शिकाऊ प्रोग्रामरच्या पडद्यावर हे खांब हमखास दिसत.

लग्नाच्या पंगतीत वाढपी जसा एका टोकाने निघतो आणि कुणासाठी थांबत नाही, तसा हा किरण. समोरच्या पानावर काय पडणार, हे त्या क्षणी त्याच्या हातात कोणतं भांडं आहे त्यावर ठरतं. प्रोसेसरचं काम इतकंच, की वाढपी न थांबता त्याच्या हातातलं भांडं नेमक्या पानाआधी बदलायचं. उशीर झाला तर जिलबीच्या जागी मीठ.

आता एका ओळीचा जमाखर्च मांडू, कारण या यंत्राची सगळी गंमत तिथे आहे.

प्रोसेसरचे ठोके पडतात सेकंदाला सुमारे ११ लाख ९० हजार. त्याचा एक ठोका पडतो तोवर किरण तीन ठिपके पुढे गेलेला असतो. एका ओळीची लांबी, किरणाच्या परतीच्या प्रवासासकट, २२८ ठिपके. त्यातले पहिले ६८ पडद्याआड, उरलेले १६० दिसणारे. २२८ भागिले ३, म्हणजे ओळीमागे ७६ ठोके. एवढंच भांडवल. कार्ट्रिजमधल्या तक्त्यातून एक बाइट उचलायला ४ ठोके आणि तो टीआयएच्या रजिस्टरात टाकायला ३. सात ठोके झाले; तेवढ्यात किरण २१ ठिपके सरकला. दोन खेळाडूंचे दोन काप बदलायचे तर १४ ठोके गेले. प्रत्येक कापाला वेगळा रंग हवा, तर २८. शिवाय ही कितवी ओळ, रणगाडा या ओळीवर आहे की नाही, हे तपासायचं. आकडा एकाने कमी करून पुन्हा वर उडी मारायची. ७६ बघता बघता संपतात. ७७ वा ठोका लागला तर ओळ हुकली, आणि चित्र खालच्या खाली घसरलं.

प्रोग्रामरवर दया म्हणून चिपमध्ये एक सोय आहे. एका ठरावीक रजिस्टरमध्ये काहीही लिहिलं, की नवी ओळ सुरू होईपर्यंत प्रोसेसर जागच्या जागी थिजतो. काम लवकर आटपलं तर थांबायचं, म्हणजे पुढची ओळ एकत्र सुरू होते. खालून वर जाण्याची खूण मात्र चिप स्वतःहून देत नाही. तीही प्रोसेसरने, ओळी मोजून, वेळेवर द्यायची. म्हणून अमेरिकन खेळ जसाच्या तसा भारतातल्या किंवा युरोपातल्या टीव्हीवर नेता येत नसे. तिथे दर फेरीला ३१२ ओळी आणि सेकंदाला ५० फेऱ्या, तेव्हा मोजणी पहिल्यापासून.

मैदानाचीही अशीच काटकसर. पडद्याच्या रुंदीत मैदानाचे ४० ठोकळे बसतात, पण चिप लक्षात ठेवते वीसच. उजवी बाजू म्हणजे डावीची नक्कल, नाही तर डावीचं आरशातलं प्रतिबिंब. यंत्राबरोबर मिळणाऱ्या ‘कॉम्बॅट’ या रणगाड्यांच्या खेळातल्या भिंती दोन्ही बाजूंना सारख्या दिसतात त्या यामुळे. दोन खेळाडूंना समान न्याय मिळाला हा त्यातला फायदा, पण मूळ कारण बिटांची टंचाई. पुढे लोकांनी शोधलं, की किरण डावी बाजू काढून पुढे गेला आणि उजवीला अजून पोचला नाही, त्या फटीत मैदानाची रजिस्टरं बदलली तर उजवीकडे वेगळं चित्र निघतं. तीन रजिस्टरं, तिघांच्या फटी वेगवेगळ्या, आणि हे दर ओळीला.

सगळ्यात तऱ्हेवाईक भाग खेळाडूच्या आडव्या जागेचा. आपल्याला वाटेल, चिपला सांगावं, ‘रणगाडा ९० व्या ठिपक्यावर ठेव.’ तसं रजिस्टरच नाही. आहे ते एक बटण. किरण ज्या जागी असताना ते दाबाल, ती खेळाडूची जागा. तेव्हा ९० व्या ठिपक्यावर रणगाडा हवा असेल तर किरण तिथे पोचेपर्यंत प्रोसेसरने वेळ काढायचा आणि मग बटण दाबायचं. वेळ काढायची प्रोग्रामरांची युक्ती फार देखणी आहे. हव्या त्या जागेचा आकडा घ्यायचा आणि शून्याच्या खाली जाईपर्यंत त्यातून १५ वजा करत राहायचं. एकदा वजा करायला २ ठोके, मागे फिरून पुन्हा त्याच जागी यायला ३. एका फेरीला पाच ठोके, आणि पाच ठोक्यांत किरण जातो नेमका १५ ठिपके. भागाकार आणि प्रतीक्षा एकाच कामात उरकली. वजाबाकी संपली की बटण दाबायचं. उरलेली बाकी वापरून थोडी सरकवासरकव करायची. त्यासाठी वेगळं रजिस्टर आहे, एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ७ ठिपक्यांपर्यंत. या सगळ्यात एका वस्तूमागे एक अख्खी ओळ खर्ची पडते. सरकवण्याची किंमतही मोजावी लागते. ज्या ओळीवर सरकवलं, तिच्या डाव्या कडेला आठ ठिपक्यांची काळी रेघ उमटते. जुन्या खेळांत डाव्या काठाला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात त्या याच. काही खेळांनी तर प्रत्येक ओळीवर सरकवण्याचा हुकूम देऊन टाकला, म्हणजे विस्कटलेल्या दातांऐवजी सरळ काळी पट्टी मिळाली आणि डोळ्याला खटकेनाशी झाली.

एका बाबतीत मात्र चिप दिलदार आहे. कोण कुणाला धडकलं, हे ती स्वतः टिपते. सहा वस्तूंच्या जोड्या होतात १५, आणि प्रत्येक जोडीला एक बिट. किरणाने दोन वस्तू एकाच ठिपक्यावर काढल्या की बिट लागला. गोळी रणगाड्याला लागली का, याचं गणित प्रोसेसरने करायचं नाही, फक्त बिट वाचायचा.

मग खेळ चालतो केव्हा? जॉयस्टिक वाचणं, रणगाडा हलवणं, गुण वाढवणं कधी करायचं? किरण पडद्याबाहेर असतो तेव्हा. २६२ ओळींपैकी १९२ दिसणाऱ्या. त्यांच्या वर ३७ आणि खाली ३० ओळी काळ्या, शिवाय ३ ओळी किरणाला वर पाठवण्याच्या खुणेच्या. ३७ आणि ३० मिळून ६७ ओळी, गुणिले ७६, म्हणजे ५,०९२ ठोके. एका चित्रामागे एकूण ठोके १९,९१२. म्हणजे प्रोसेसरच्या वेळाचा जेमतेम पाव हिस्सा खेळाला, बाकी सगळा चित्राला.

रणगाड्यांना पाव हिस्सा पुरतो. बुद्धिबळाला कुठला पुरायला? चालीवर प्रतिचाल, तिच्यावर तिसरी, अशी झाडं धुंडाळायला प्रोसेसर पूर्ण वेळ हवा. चित्र चालू ठेवून फक्त फटीफटीतून विचार केला असता तर आधीच लांबलेला विचार चौपट लांबला असता, आणि दर फटीला अर्धवट विचार १२८ बाइटांत गुंडाळून ठेवायची कसरत वेगळीच. ‘व्हिडिओ चेस’चे प्रोग्रामर बॉब व्हाइटहेड यांनी चित्रावर पाणी सोडलं. माझ्या मते निर्णय बरोबर होता. बुद्धिबळ खेळणाऱ्याला समोरच्याच्या चालीची वाट बघायची सवय असतेच.

त्याच खेळात त्यांना दुसरा पेच सोडवावा लागला होता. चिपला खेळाडू दोनच माहीत. मात्र एकाच खेळाडूच्या दोन किंवा तीन नकला एका ओळीवर काढायची सोय आहे. दोन गुणिले तीन, झाले सहा. बुद्धिबळाच्या एका आडव्या ओळीत सोंगट्या मात्र आठ, आणि हत्ती, घोडा, उंट, सगळे वेगळ्या आकाराचे. व्हाइटहेड यांनी सोंगट्या वाटून टाकल्या. एका ओळीवर एकाआड एक चार, लगतच्या ओळीवर उरलेल्या चार. जवळून पाहिलं तर प्रत्येक सोंगटीत आडव्या फटी दिसतात, आणि शेजारची सोंगटी एका ओळीने खालीवर. दिवाणखान्यातल्या सोफ्यावरून घोडा घोडाच दिसतो.

‘दोन गुणिले तीन’ हा हिशेब ‘स्पेस इनव्हेडर्स’ या खेळातही उघड्या डोळ्यांनी दिसतो. आर्केडमधल्या जपानी मूळ खेळात परग्रहवासीयांची फौज ५५ जणांची, अकरा अकराच्या पाच रांगा. १९८० मध्ये अटारीसाठी रिक मॉरर यांनी तो घरी आणला तेव्हा फौज उरली ३६ जणांची, सहा सहाच्या सहा रांगा. एका रांगेत सहा का, हे आता सांगायला नको. आणि उभ्या रांगा? त्या फुकट. चिपला उभ्याचं ज्ञान नाही, म्हणून एक रांग काढून झाली की तेच दोन खेळाडू नवा आकार घेऊन खाली पुन्हा वापरता येतात. चिपचं अज्ञान इथे कामी आलं. त्या खेळासाठी लोकांनी यंत्रं विकत घेतली.

‘पॅक-मॅन’ला हे जमलं नाही. १९८२ मध्ये टॉड फ्राय यांनी तो ४ किलोबाइटांत बसवला. एक खेळाडू पॅक-मॅनला दिला, दुसरा चार भुतांमध्ये वाटला. एका चित्रात एक भूत, पुढच्यात दुसरं. प्रत्येक भूत सेकंदाला १५ वेळाच दिसणार, आणि तेवढ्यावर डोळा फसत नाही. भुतं सतत लुकलुकायची. भुतांनी लुकलुकावं यात गैर काय, असं कुणी म्हणेलही, पण आर्केडचा खेळ पाहिलेल्या पोरांची निराशा व्हायची ती झालीच.

४ किलोबाइटांचं बंधन कुठून आलं? प्रोसेसरच्या कापलेल्या पायांतून. पत्ता सांगणाऱ्या तारा उरल्या १३. त्यांतून ८,१९२ पत्ते बनतात आणि त्यातले निम्मे, ४,०९६, कार्ट्रिजच्या वाट्याला. ‘कॉम्बॅट’ तर २ किलोबाइटांतच आटपला होता. पुढे कार्ट्रिजमध्येच एक जादाचं सर्किट घातलं गेलं. प्रोग्रामने एका ठरावीक पत्त्याला नुसता हात लावला की ४ किलोबाइटांचं एक पान मिटतं आणि दुसरं उघडतं. १९८१ च्या ‘अ‍ॅस्टरॉइड्स’मध्ये अशी दोन पानं आहेत.

पण एकाच पानात अख्खं जंगल बसवलं ते डेव्हिड क्रेन यांनी. अटारीने प्रोग्रामरांना ना श्रेय दिलं ना खपातला वाटा. वैतागून वॉरन रॉबिनेट यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं. क्रेन, व्हाइटहेड, अ‍ॅलन मिलर आणि लॅरी कॅप्लन यांनी बाहेर पडून १९७९ मध्ये ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ उभी केली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ करणारी ती पहिली कंपनी. १९८२ मध्ये तिथून क्रेन यांचा ‘पिटफॉल’ आला. त्यात २५५ पडदे आहेत, त्यांत झाडं, खड्डे, ओंडके, साप, मगरी. हे पडदे कार्ट्रिजमध्ये कुठेही लिहून ठेवलेले नाहीत.

पडद्याची ओळख म्हणजे एक बाइट, आठ बिट. पहिला पडदा १९६, दोनच्या पद्धतीत ११०००१००. उजवीकडच्या पडद्यावर जाताना सगळे बिट एक घर डावीकडे सरकवायचे आणि उजवीकडे रिकाम्या झालेल्या जागी एक नवा बिट भरायचा. तो कुठून आणायचा? उजवीकडून शून्यापासून मोजत ३, ४, ५ आणि ७ क्रमांकांच्या बिटांत एक विषम संख्येने असतील तर १, नाही तर ०. १९६ मध्ये त्या चार जागांवर ०, ०, ० आणि १. एक विषम, म्हणून नवा बिट १. उत्तर १०००१००१, म्हणजे १३७. हा दुसरा पडदा. असं करत गेलं तर शून्य सोडून सगळे २५५ आकडे एकेकदा येतात आणि मग पुन्हा १९६. डावीकडे परतायला हीच क्रिया उलटी. मग प्रत्येक आकड्याचे तुकडे वाचायचे. वरचे दोन बिट झाडांची मांडणी ठरवतात, मधले तीन जमिनीचा प्रकार, शेवटचे तीन वाटेतलं संकट. नकाशा कुठेच नाही, तरी दर वेळी जंगल तेच. क्रेन यांनी खऱ्या अर्थाने रचना केली ती सुरुवातीचा आकडा निवडण्यात, म्हणजे पहिले काही पडदे नवख्याला झेपतील असे यावेत.

हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांनी ‘यार्स रिव्हेंज’मध्ये याच्याही पुढची मजा केली. पडद्याच्या मधोमध झगमगणारा रंगीत पट्टा हवा होता, पण त्याच्या चित्रासाठी कार्ट्रिजमध्ये जागा घालवायची नव्हती. त्यांनी खेळाचा प्रोग्रामच, त्याचे कच्चे बाइट, चित्र म्हणून चिपला दिले. त्या पट्ट्यात दिसतो तो खेळाचा स्वतःचा मजकूर. याच वॉरशॉ यांनी पुढे ‘ई.टी.’ हा खेळ सुमारे पाच आठवड्यांत केला. तो आपटला, आणि १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचरा डेपोत अटारीने जो माल पुरला त्यात त्याचीही कार्ट्रिजं होती; २०१४ मध्ये खणून ती वर काढली. पाच आठवड्यांची मुदत ज्यांनी ठरवली, त्यांच्याऐवजी बदनामी मात्र वॉरशॉ यांच्या वाट्याला आली.

आवाजाबद्दल थोडक्यात. दोन आवाज, आणि प्रत्येकाला स्वर फक्त ३२. तेही एका मूळ वेगाला १, २, ३ असं भागून मिळालेले, त्यामुळे सप्तकातले बरेच सूर त्यात नाहीतच. गोळीबार उत्तम, गाणं बेसूर.

१९८३ मध्ये जपानात निन्टेंडोचं ‘फॅमिकॉम’ आलं आणि हा सगळा प्रपंच बदलला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जी पेटी आली, जिच्या ‘कॅसेट’वर हजारो खेळांचा आकडा छापलेला असायचा, ती या फॅमिकॉमचीच नक्कल. तिच्यात चित्रासाठी वेगळी चिप आणि त्या चिपची स्वतःची २ किलोबाइट स्मृती. पडदा ३२ आडव्या आणि ३० उभ्या चौकटींचा. कुठल्या चौकटीत कितव्या नमुन्याचं चित्र, एवढंच प्रोसेसरने लिहून ठेवायचं. ओळी काढणं चिपने बघून घ्यायचं. मारिओ उडी मारतो तेव्हा किरण कुठे आहे, याची त्याच्या प्रोग्रामरला फारशी फिकीर करावी लागत नाही. हलणारे तुकडे ६४, पण एका ओळीवर जास्तीत जास्त आठ. ‘कॉन्ट्रा’मध्ये गोळ्यांचा पाऊस सुरू झाला की काही तुकडे लुकलुकतात, ते नववा कुणीतरी रांगेबाहेर राहिल्यामुळे.

किरणाशी असलेलं नातं मात्र तिथेही पुरतं तुटलं नव्हतं. त्या पेटीबरोबर बदकं मारायची बंदूक यायची. चाप ओढला की पडदा एका चित्रापुरता काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतून काही सुटत नाही. तिच्या तोंडाशी प्रकाश ओळखणारा डोळा आहे. काळ्यानंतर लगेच पांढरं दिसलं तर बदक मेलं. हे सगळं सेकंदाच्या लहानशा अंशात व्हावं लागतं, आणि सपाट टीव्ही चित्र दाखवायला थोडा वेळ घेतो. म्हणून ती जुनी बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही.

अटारी २६०० चं उत्पादन १९९२ च्या सुरुवातीला थांबलं. तोवर सुमारे तीन कोटी यंत्रं विकली गेली होती. तिचे खेळ आज संगणकावर खेळायला जो प्रोग्राम वापरतात त्याचं नाव स्टेलाच आहे. सपाट पडद्याला किरण नाही, म्हणून हा प्रोग्राम आधी एक खोटा किरण चालवतो, ठोक्यागणिक तीन ठिपके, ओळीमागे ७६ ठोके, आणि तयार झालेलं पूर्ण चित्र पडद्याला देतो. एवढं करूनही पॅक-मॅनची भुतं जुन्या टीव्हीपेक्षा जास्त लुकलुकतात, कारण नव्या पडद्यावर लेप हळूहळू मावळत नाही. त्यासाठी त्यात एक वेगळा पर्याय ठेवला आहे. तो चालू केला की मागच्या चित्राची पुसटशी छटा पुढच्या चित्रात मिसळली जाते.